फुंक मार, मग गाडी काढ

आमच्या कंपनीच्या फाटकावर नमस्काराची पद्धत नव्हती. तिथे भिकननाना स्टुलावर बसलेले असायचे आणि त्यांच्यासमोर येणारा प्रत्येक ड्रायव्हर वाकून त्यांच्या तोंडावर फुंक मारायचा. नाना डोळे मिटायचे, नाक जरासं वर धरायचे, आणि निकाल द्यायचे. "जाय." किंवा "बस तठे." "जाय" म्हणजे किल्ली घे आणि ट्रक काढ. "बस तठे" म्हणजे तू प्यायलेला आहेस, गुपचूप त्या बाकावर बस. या निकालावर अपील नव्हतं. कोर्टात निदान पुढची तारीख तरी मिळते.

धुळ्याला आग्रा रोडवर आमची ट्रान्सपोर्ट कंपनी होती. कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड, तिच्या कडेला ऑफिस नावाची एक खोली आणि समोर धुळीचं मैदान. मी तिथे बुकिंग क्लार्क. अमळनेरहून बी. कॉम. होऊन आलो होतो आणि कंपनी आपल्यामुळे चालते अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंदूरला ट्रक पोचला की नाही हे कळायला ट्रंक कॉल लावून दिवसभर टेलिफोनसमोर बसावं लागायचं. त्यामुळे ट्रक सुटताना ड्रायव्हर शुद्धीवर असला पाहिजे, एवढीच काय ती काळजी आमच्या हातात होती.

ही फुंक सुरू झाली त्यालाही कारण घडलं होतं. आमच्या एका ड्रायव्हरने मिरचीने भरलेला ट्रक जळगावकडच्या एका केळीच्या बागेत घातला. बाग कोणाची असावी? शेठच्या साडूची. ड्रायव्हर पोलिसांना शांतपणे म्हणाला, "माले रस्ता आठेच दिखना." रस्ता त्याला केळीतूनच गेलेला दिसला होता. शेठ मोठे पापभीरू गृहस्थ. चहासुद्धा मोजून घ्यायचे. साडूने आठवडाभर त्यांना जे ऐकवलं त्यानंतर त्यांनी हुकूम काढला, की यापुढे तोंड तपासल्याशिवाय कोणाच्या हातात किल्ली द्यायची नाही.

तोंड तपासणार कोण? डॉक्टर ठेवायचा तर खर्च. मग सगळ्यांना आठवलं भिकननानांचं नाक. नाना आधी अमळनेरच्या एका तेलाच्या गिरणीत होते. डब्याचं झाकण काढून हुंगायचं आणि तेल खवट आहे की चांगलं ते सांगायचं, एवढंच काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. गिरणी बंद पडली आणि ते नाक घेऊन धुळ्याला आले. तेव्हापासून आमच्याकडे ते ताडपत्र्या मोजत होते. फुंकीचा हुकूम निघाला आणि त्या नाकाला पुन्हा नोकरी लागली.

नाकाबद्दल शंका घ्यायची सोय नव्हती. मी कामावर रुजू झालो त्या दिवशी मला फाटकातच अडवलं.

"फुक रे भो!"

मी म्हटलं, "नाना, मी ड्रायव्हर नाही. क्लार्क आहे."

"मग क्लार्कनी फुक मार."

मारली. नाना डोळे मिटून म्हणाले, "शेवगान्या शेंगा खाध्यात. आमटीमा हिंग कमी पडना." मग डोळे उघडून म्हणाले, "खानावळ बदल." मी खानावळ बदलली.

ही सवय फाटकापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण नानांना समोर तोंड दिसलं की राहवत नसे. शिंदखेड्याला एका लग्नात त्यांनी नवरदेवालाच "फुक रे भो" म्हटलं. नवरदेव लाजून नको म्हणाला. झालं! मांडवात कुजबूज, मुलीच्या मामाचा चेहरा पडलेला, आणि शेवटी त्या बिचाऱ्याला भर मांडवात बाशिंग वर करून नानांच्या तोंडावर फुंकावं लागलं. "जाय," नाना म्हणाले, तेव्हा कुठे अंतरपाट धरला गेला. मुलीकडच्यांनी नंतर नानांना वेगळा आहेर केला म्हणतात.

आता ही तपासणी कितपत परिणामकारक होती, असा प्रश्न कोणी विचारला तर मी छातीठोकपणे सांगेन, की अतिशय. तिचा परिणाम पहिल्या आठवड्यातच दिसला. मंडईत वेलदोडा महाग झाला. शेडमागच्या पेरूच्या झाडाला खालच्या फांद्यांवर पान राहिलं नाही. कोणी कच्चा कांदा चावून यायचं, कोणी लवंगेचं तेल दाढेला लावून. एका वीराने तर केसांना लावायचं सुवासिक तेल प्यायलं आणि दोन दिवस दवाखान्यात काढले. नाना या सगळ्या थरांमधून शांतपणे खाली उतरायचे. "कांदा खाधा. वर पेरूना पाला. त्यावर वेलदोडा. एवढी माती लोटी म्हंजे खाले मुडदा शेच. बस तठे."

पण आग्रा रोडचे ड्रायव्हर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. थोड्याच दिवसांत त्यांना शोध लागला, की डोड्याला वास नसतो. डोडा म्हणजे अफूच्या बोंडाची भुकटी. पलीकडे मध्य प्रदेशात ढाब्याढाब्यावर चहात मिसळून मिळायची. मग झालं असं, की पावशेर घेतलेला माणूस बाकावर बसायचा, आणि डोडा चढवून डोळे तारवटलेला माणूस खणखणीत फुंक मारून, "जाय" ऐकून, दहा टन माल घेऊन घाटाकडे निघायचा. शेठ महिन्याच्या शेवटी समाधानाने सांगायचे, "दारूचं प्रमाण निम्म्यावर आलं." आलंच होतं! आम्ही माना डोलवायचो. आमचे मॅनेजर सर्वांत जोरात डोलवायचे. ते शनिवार आला की टाइट असायचे, पण त्यांना फुंक नव्हती, कारण त्यांच्या हातात स्टिअरिंग नव्हतं. नुसती कंपनी होती.

आता बाकाबद्दल सांगतो. पकडलेल्याला घरी सोडायचं नाही, तो सरळ गुत्त्यावर जाईल, तेव्हा उतरेपर्यंत नानांच्या ताब्यात ठेवायचा, असं शेठनी ठरवून दिलं होतं. नानांनी त्यात आपल्या पदरची भर घातली. शेडमागे त्यांची एक खोली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पकडलेला गडी ते त्या खोलीवर न्यायचे. "घर जाई काय करशी? बायकोवर हात उचलशी. चाल मनासंगे." आधी डोक्यावर गार पाण्याच्या दोन बादल्या. मग वरण-बट्टी. नाना गोवऱ्यांवर बट्टी भाजायचे, तुपात बुडवायचे, आणि समोर बसून आग्रह करकरून खाऊ घालायचे.

इथपर्यंत शिक्षा म्हणावी असं काही नाही. शिक्षा पुढे होती. जेवणाबरोबर नाना बोलायचे. भरिताचं वांगं कोणत्या मातीतलं, त्याचा देठ कसा ओळखायचा, काट्याच्या काड्यांवर भाजलं तर काय आणि गॅसवर भाजून लोक कसे बाटले. वांगं संपलं की पोट. रोज सकाळी पोट साफ कसं व्हावं, न झाल्यास काय, त्यांच्या सासऱ्यांचं कसं होत नसे. हे सगळं अगदी खोलात जाऊन, हातवाऱ्यांसह, संध्याकाळपर्यंत. एक धट्टाकट्टा पहिलवानासारखा ड्रायव्हर माझ्यासमोर हात जोडून म्हणाला होता, "भाऊ, माझा पगार काप, पण मला नानांच्या खोलीवर पाठवू नको. सासऱ्याचं पोट आता मला स्वप्नात दिसतं." माझं तर मत आहे, की दारू खरोखर कमी झाली असेल तर ती नाकामुळे नाही, त्या सासऱ्यामुळे झाली.

सगळ्या कंपनीत हे सोसणारा एकच माणूस होता. झुलाल ड्रायव्हर. शिंदखेड्याकडचा, चाळिशीतला, कमी बोलणारा. बाजाराच्या दिवशी हा हमखास पकडला जायचा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भरायला माल येत नसे, गाड्या उभ्याच असायच्या, त्यामुळे झुलाल बाकावर बसला काय आणि नाही काय, कोणाचं काही अडायचं नाही. फाटकातून आला की फुंक, "बस तठे", आणि स्वारी खाली मान घालून नानांच्या मागे खोलीकडे. दर बाजारी! आणि याच झुलालच्या गाडीला इतक्या वर्षांत साधा ओरखडा नव्हता. नाजूक माल असला, काचेच्या पेट्या असल्या, तर शेठ म्हणायचे, झुलालला द्या. आम्ही सगळे म्हणायचो, काय कमाल आहे, पिऊनसुद्धा केवढा सांभाळून चालवतो! आमची अक्कल तेवढीच धावत होती.

असं सगळं सुरळीत चाललं असताना शेठचे चिरंजीव पंकजभाई पुण्याहून शिकून आले. शिकून आलेल्या माणसाला घरात काहीतरी बदलावंच लागतं. पंकजभाईंना नाकाची लाज वाटली. "बाहेर कोणाला कळलं तर हसतील, पप्पा. एक म्हातारा वास घेतो!" मग मुंबईहून एक यंत्र आलं. डब्यासारखं, त्याला नळी, वर एक तांबडा आणि एक हिरवा दिवा. नळीत फुंकायचं. दारू असेल तर तांबडा. नियमही नवा आला. तांबडा लागला की माणूस कामावरून कमी. बाक नाही, बादली नाही, बट्टी नाही.

यंत्राची रीतसर पूजा झाली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, नळीला गोंड्याचा हार घातला. मान पहिला शेठचा. त्यांनी टोपी नीट केली, देवाचं नाव घेतलं आणि नळीत फुंक मारली.

तांबडा.

मॅनेजर हळूच गर्दीच्या मागे सरकले. शेठ घामाघूम. मग कोणाच्यातरी ध्यानात आलं. शेठ जेवण झालं की द्राक्षासव घ्यायचे, पचनासाठी, वैद्यबुवांच्या सांगण्यावरून. आणि त्या दिवशी ते हात पुसत पुसत तसेच पूजेला आले होते. पंकजभाईंनी ताबडतोब खुलासा केला, "तोंडातलं आहे ते. पोटातलं नाही. चूळ भरा, थोडं थांबा, पुन्हा फुंका." शेठनी चूळ भरली, सगळ्यांनी पेढे खाल्ले, शेठनी पुन्हा फुंकलं. हिरवा! टाळ्या झाल्या. यंत्र किती बारकाईने काम करतं याचं कौतुक झालं. दुसरी फुंक ड्रायव्हरांनाही मिळेल का, असं एकाने मागून विचारलं. ते कोणी ऐकलं नाही.

नानांचं स्टूल फाटकावरून उचललं. नाना पुन्हा मागे, ताडपत्र्या मोजायला. तक्रारीचा शब्द नाही. फक्त येता-जाता मी दिसलो की थांबायचे आणि म्हणायचे, "भो, फुक बरं." मी मारायचो. काय खाल्लं ते सांगायचे आणि जायचे. यंत्राच्या भीतीने ड्रायव्हर सरळ झाले, म्हणजे डोड्यावर गेले. आणि बाकावर कोणी बसेनासं झालं. नानांच्या खोलीमागे पूर्वी गोवऱ्यांचा धूर दिसायचा, तो दिसेनासा झाला.

झुलाल या सगळ्या दिवसांत बाहेर होता. इंदूरला गेला, तिथून पुढचा माल मिळाला, पुढे गेला. परतला तो नेमका बाजाराच्या दिवशी सकाळी. त्याला यंत्राचं कोणी सांगितलेलं नव्हतं. नेहमीसारखा फाटकातून आला, नानांचं स्टूल शोधायला लागला, तर समोर पंकजभाई नळी घेऊन उभे. "फुंका."

तांबडा.

पंकजभाईंना आनंद लपवता येईना. यंत्र आल्यापासूनचा पहिला गुन्हेगार! मला आत बोलावून त्यांनी झुलालचा हिशोब करायला सांगितला. झुलालच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर. महिन्यापूर्वीच मला पेढा देऊन गेला होता. मी बाहेर आलो. तो त्याच जुन्या बाकावर बसला होता. मला रागच आला.

"झुलालभाऊ, लाज वाटत नाही? पोरीचं लग्न तोंडावर आलंय. एक दिवस घेतली नसती तर मेला असतास?"

तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "कोन पेस, भाऊ? मी धाकटी जलमनी तवयच सोडी. नुसती चूळ भरस आणि थुकी देस."

मला काही कळेना. चूळ? दारूची? कशासाठी?

मग त्याने सांगितलं. नानांची बायको गेली तेव्हा नाना जेवायचेच बंद झाले होते. कोणी जेवायला बोलावलं तर म्हणायचे, मी काय बिचारा आहे? कोणी त्यांच्याकडे मुद्दाम गेलं तर भांडण काढून हाकलून द्यायचे. पुढे फुंक सुरू झाली, झुलाल एकदा खरोखरच पिऊन आला आणि पकडला गेला. नानांनी बट्ट्या केल्या. समोर बसून स्वतःही चार खाल्ल्या. तेवढं त्याने पाहिलं. पुढे धाकटी झाली तेव्हा दारू सुटली, पण बाजाराची चूळ सुटली नाही.

मी म्हटलं, "अरे मग हे आत जाऊन सांग ना! मी सांगतो."

त्याने माझं मनगट धरलं. ड्रायव्हरचा हात, दुखलं मला. "नका सांगू, भाऊ. समदास्ना समोर नाना बिचारा व्हई जाई. तो आयुष्यात मना तोंड देखाव नही. नोकरी काय, दुसरी भेटी."

दुसरी भेटी म्हणे! दारूसाठी काढलेल्या ड्रायव्हरला आग्रा रोडवर कोण उभं करणार होतं? ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी तिथेच उभा राहिलो, हिशोबाचा कागद हातात घेऊन. आत जाऊन बोललो तर एक माणूस जायचा, नाही बोललो तर दुसरा. अशा वेळी बी. कॉम. चा काडीचा उपयोग होत नाही.

तेवढ्यात ताडपत्र्यांच्या ढिगाआडून नाना आले. हमालांनी त्यांना सांगितलं असणार. झुलालकडे त्यांनी बघितलंही नाही. चपला बाहेर काढून सरळ ऑफिसात गेले. मी मागोमाग. दारात हमाल, ड्रायव्हर, सगळे जमा झाले.

"शेठ," नाना म्हणाले, "तुमले दुसरी फुक भेटनी. झुलालले काबर नही?"

पंकजभाई म्हणाले, "नाना, तो दर आठवड्याला पकडला जायचा. तुम्हीच पकडत होतात."

"मीच पकडत होतो," नाना म्हणाले. शेठसमोर ते एरवी जरा शुद्ध बोलायचे, पण त्या दिवशी ते पुढे टिकलं नाही. "तो पेत नही. माले पहिल्यापाईन ठाऊक शे. तो मागला नळवर उभा ऱ्हाईसन चूळ भरस. खोलीनी खिडकीमाईन समदं दिखस. आखाजीले लेयेल बाटली दिवाळीलोंग पुरस त्याले. असा पेणारा कोन्ही देखेल शे का?"

कोणीतरी हसलं. नाना हसले नाहीत.

"मग तुम्ही त्याला बसवून का ठेवत होतात?" शेठनी विचारलं. रागाने नाही, खरंच न कळून.

नानांनी एकदा दाराकडे बघितलं. तिथे आम्ही सगळे होतो. ज्यांना त्यांनी इतकी वर्षं "बस तठे" सुनावलं ते सगळे.

"माले एकलाले जेवन जास नही, शेठ," ते म्हणाले. "तो ये. माले दोन घास जायेत. म्हनीसन मी बसाडी ठेऊ. गुन्हा मना शे. कमी करनं तं माले करा."

तो पहिलवान ड्रायव्हर दारातून मागे सरला आणि उगाच रुमालाने तोंड पुसायला लागला. मला तर वर बघवेना. शेठ उठले. त्यांनी स्वतः तांब्या भरून झुलालच्या हातात दिला. "चूळ भर." मग सगळे थांबलो. कोणीतरी चहा मागवला, तो कोणी प्यायलं नाही. झुलालने फुंकलं.

हिरवा.

पंकजभाईंनी नळी गुंडाळायला घेतली. शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "तो कागद फाडा." मी फाडला. इतक्या आनंदाने मी ऑफिसचं दुसरं कोणतंच काम केलेलं नाही.

नाना बाहेर येऊन चपला घालत होते. झुलाल त्यांच्या शेजारी उभा होता. नानाच बोलले, खाली बघत, जरा घुश्शातच. "आते तू सुटना. आते तुले येवानी सक्ती नही."

"सक्ती कव्हय व्हती, नाना?" झुलाल म्हणाला.

चपलेचा अंगठा त्यांना काही केल्या सापडत नव्हता. झुलालने खाली बसून तो नीट करून दिला. मग दोघं सगळ्यांच्या देखत, भरदुपारच्या उन्हातून, मागच्या खोलीकडे जेवायला गेले.